काही प्रदेश श्रीमंत, काही गरीब, असं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवते. जगातल्या प्रदेशांच्या आर्थिक विकासाचं प्रकरण सुरू झालं की दरवर्षी ठरावीक प्रश्न येतात, आणि ते नुसते परीक्षेपुरते नसतात. वर्गातली निम्मी मुलं शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड, गगनबावड्याकडची. बागायती गाव आणि डोंगरातलं गाव यांतला फरक त्यांनी पुस्तकाच्या आधी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. कधी मुलांना न्यायला आलेले पालकही दारात थांबून विचारतात. ही उत्तरं त्या सगळ्यांसाठी.

एखादा देश विकसित की विकसनशील, हे ठरवतं कोण?

सगळ्यांनी मानावा असा एकच निवाडा नाही. जागतिक बँक दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून देशांचे चार गट पाडते आणि दरवर्षी १ जुलैला यादी नव्यानं लावते. २०२५ च्या यादीप्रमाणे वर्षाला १,१३५ डॉलरपर्यंत निम्न उत्पन्न गट, ४,४९५ पर्यंत निम्न-मध्यम, १३,९३५ पर्यंत उच्च-मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट. भारत २००७ च्या उत्पन्नावरून निम्न गटातून निम्न-मध्यम गटात चढला. आजही तो त्याच गटात आहे.

संयुक्त राष्ट्रांची यादी वेगळी. १९७१ पासून ते 'अत्यल्प विकसित देश' असा गट ठेवतात. २०२५ मध्ये त्यात ४४ देश होते आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले. भारत या यादीत कधीच नव्हता. मुलं हे हमखास चुकतात, म्हणून मुद्दाम सांगते.

'तिसरं जग' हा शब्द आता सोडून द्या, तो शीतयुद्धाच्या काळातला आहे. जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या आयोगाच्या १९८० च्या अहवालानं श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण अशी नकाशावर रेघ ओढली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड 'उत्तरेत' यावेत म्हणून ती रेघ खाली वळवावी लागली. आज दक्षिण कोरिया आणि सिंगापूर त्या रेघेच्या गरीब बाजूला दिसतात, आणि दोन्ही देश उच्च उत्पन्न गटात आहेत. रेघ जुनी झाली, पण पुस्तकांतून अजून गेलेली नाही.

दरडोई उत्पन्न म्हणजे प्रत्येकाला तेवढे पैसे मिळतात का?

नाही. समजा, तालमीत दहा पोरं आहेत. एक पैलवान रोज पाच लिटर दूध पितो आणि बाकीच्या नऊ जणांत मिळून पाच लिटर वाटलं जातं. दरडोई दूध एक लिटर. हिशेब बरोबर आहे, पण त्या नऊ जणांना जेमतेम अर्ध्या लिटरच्या आसपासच मिळतं.

विषुववृत्तीय गिनी या छोट्या आफ्रिकी देशात नव्वदच्या दशकात समुद्रात तेल सापडलं आणि त्याचं दरडोई उत्पन्न एकदम वर गेलं. सामान्य माणसाच्या घरात मात्र पाणी, शाळा आणि दवाखाना त्या वेगानं पोचले नाहीत. ही विषमता मोजायला गिनी गुणांक वापरतात. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाकडे. (नाव सारखं असलं तरी त्या देशाचा या गुणांकाशी काही संबंध नाही. कोर्राडो गिनी हे इटालियन संख्याशास्त्रज्ञाचं नाव.)

क्रयशक्ती समानता म्हणजे काय?

कोल्हापुरात शंभर-सव्वाशे रुपयांत केस कापून होतात. झुरिकमध्ये त्याच कामाला काही हजार रुपये पडतात. कात्री तीच, वेळही तेवढाच. म्हणून नुसत्या डॉलरच्या दरानं तुलना केली तर स्वस्त देश आहे त्यापेक्षा गरीब दिसतो. स्थानिक किमती धरून केलेली दुरुस्ती म्हणजे क्रयशक्ती समानता. तिच्या हिशेबानं भारताची अर्थव्यवस्था जगात तिसरी येते. पण लोकसंख्येनं भागलं की आपण पुन्हा बरेच खाली जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मानव विकास निर्देशांक वेगळा का काढावा लागला?

उत्पन्न हे साधन आहे. माणूस किती जगतो, किती शिकतो, हेही पाहायला हवं, हा विचार पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी मांडला. अमर्त्य सेन त्यांच्यासोबत होते. १९९० मध्ये पहिला अहवाल निघाला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टी एकत्र करून शून्य ते एक यांमधला आकडा काढतात.

२०२५ च्या अहवालात आइसलंड ०.९७२ वर पहिला आणि दक्षिण सुदान ०.३८८ वर शेवटचा आहे. भारत ०.६८५ वर, १९३ देशांत १३० वा. श्रीलंका ८९ वी. २०२२ मध्ये त्या देशाला कर्ज फेडता आलं नाही, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, तरी तो आपल्या एवढा पुढे कसा? कारण त्यांनी शाळा आणि सरकारी दवाखाने फार आधी गावोगाव नेले होते. एका वाईट वर्षानं खिसा रिकामा होतो, पण शिकलेली आई पुन्हा निरक्षर होत नाही.

जगातल्या प्रदेशांचं चित्र थोडक्यात सांगाल का?

ढोबळ आकडे द्यायचे तर दरडोई उत्पादन उत्तर अमेरिकेत ८० हजार डॉलरच्या आसपास, युरोपीय संघात ४० हजारांच्या वर, लॅटिन अमेरिकेत सुमारे दहा हजार, दक्षिण आशियात अडीच हजारांच्या आसपास आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दीड हजाराच्या आसपास. जपानमध्ये माणूस सरासरी ८४ वर्षं जगतो, नायजेरियात ५५ च्या आसपास. जगातल्या अतिगरीब माणसांपैकी निम्म्याहून जास्त आज सहाराच्या दक्षिणेला राहतात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ती सर्वांत जास्त पूर्व आणि दक्षिण आशियात होती. एका पिढीत झालेला हा फार मोठा बदल आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. १९७८ च्या सुधारणांनंतर तिथले सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले.

प्रत्येक प्रदेशाच्या आत मात्र पुन्हा प्रदेश असतात. आखातात कतार आणि संयुक्त अरब अमिराती प्रचंड श्रीमंत, आणि त्याच द्वीपकल्पावरचा येमेन निम्न उत्पन्न गटात. युरोपात लक्झेंबर्ग आहे आणि मोल्डोवाही. लॅटिन अमेरिकेत चिली, उरुग्वे उच्च गटात पोचले, हैती फार मागे राहिला. म्हणून "आफ्रिका गरीब आहे" असं वाक्य मी उत्तरपत्रिकेत खोडते. तिथे ५४ देश आहेत. सेशेल्स उच्च उत्पन्न गटात आहे, बुरुंडी जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे.

"मॅडम, आफ्रिकेत सोनं हाय, हिरे हायत, मग गरिबी का?"

हा प्रश्न एका पालकानं विचारला होता, जसा विचारला तसाच ठेवला आहे. मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो यालाच.

माझे वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूत पॅटर्न दाबून साचा करायचा, भट्टीतलं वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं, निवल्यावर झटकायचं, मग फेटलिंग, म्हणजे कडेची जास्तीची धार घासून काढायची. घरी आल्यावर आंघोळ झाली तरी त्यांच्या कानामागे काळी वाळू राहायची. मी दहावीत असताना त्यांनी मला दोन तुकडे दाखवले. एक खरबरीत, कडेला धार असलेलं कच्चं कास्टिंग. दुसरं त्याच पॅटर्नचं, पण मशीनिंग झालेलं, आतून आरशासारखं गुळगुळीत. म्हणाले, "हे किलोवर जातं आणि हे नगावर."

जगाच्या व्यापारातली बरीच गोम या दोन शब्दांत आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट निघतं. ते टनावर जातं, त्याचं शुद्धीकरण बहुतांशी चीनमध्ये होतं, आणि बॅटरी, फोन, गाडी हे सगळं नगावर विकलं जातं. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. कोको पोत्यात भरून जातो, चॉकलेट युरोपात बनतं. पोत्याचा भाव दूरच्या बाजारात ठरतो आणि एका हंगामात कोसळू शकतो. नगाच्या किमतीत मात्र कारागिरी, यंत्र, ब्रँड आणि हुशारी धरलेली असते.

हे आपोआप झालेलं नाही. अटलांटिकपलीकडच्या गुलामांच्या व्यापारात सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांत चढवली गेली. तरणीताठी, कामाची माणसं. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपी सत्तांनी खंड वाटून घेण्याचे नियम ठरवले, आणि रेल्वे घातली ती बहुतेक खाणीपासून बंदरापर्यंत. दोन शेजारच्या देशांना जोडणारी वाट क्वचितच झाली. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला तेव्हा तिथले विद्यापीठ पदवीधर वीसही नव्हते. एवढा मोठा देश, आणि तो चालवायला एका वर्गाच्या बाकांवर मावतील एवढी शिकलेली माणसं.

म्हणजे खनिज असणं हा शापच का?

तसं नाही. बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत होता. पक्का रस्ता म्हणावा असा जेमतेम बारा किलोमीटर. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. तिथल्या सरकारनं खाणीत बरोबरीचा वाटा मागून घेतला, पैसा शाळा, रस्ते आणि दवाखान्यांत घातला, आणि २०१३ मध्ये हिऱ्यांची वर्गवारी व विक्री लंडनहून राजधानी गॅबोरोनला आणली. म्हणजे किलोवरून नगाकडे एक पाऊल. आज तो उच्च-मध्यम गटात आहे. विषमता अजून फार आहे, आणि हिऱ्यांची मागणी घटली की सरकारच्या तिजोरीला लगेच झळ बसते, हेही खरं.

नॉर्वेनं तेलाचा पैसा एका राष्ट्रीय निधीत टाकला आणि त्यातला थोडाच भाग दरवर्षी खर्च करायचा असं ठरवलं. पण तेल सापडलं तेव्हा नॉर्वेत कायदा, शाळा आणि हिशेब तपासणारी माणसं आधीपासून होती. तो क्रम महत्त्वाचा आहे.

गरम हवामानामुळे लोक आळशी होतात, म्हणून देश मागे राहतो. खरं का?

साफ चूक. सिंगापूर जवळपास विषुववृत्तावर आहे. आणि ज्यानं मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहून ओतकाम करणारी माणसं पाहिली आहेत, तो हे वाक्य उच्चारणार नाही.

भूगोलाचा परिणाम होतो तो दुसऱ्या वाटेनं. हिवतापासारखे रोग कामाचे दिवस खातात. समुद्र नसेल तर माल महाग पडतो. आफ्रिकेत १६ देशांना समुद्रकिनारा नाही. रवांडा किंवा बुरुंडीचा कंटेनर मोम्बासा किंवा दार-ए-सलामपर्यंत शेजाऱ्यांच्या रस्त्यांवरून, त्यांच्या नाक्यांवरून जातो. आपल्याला हे लगेच कळावं. मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला १८९१ मध्ये आली आणि आजही ती इथेच संपते. कोकणातलं बंदर घाटाखाली एवढं जवळ, पण वैभववाडीच्या रेल्वेमार्गाची मागणी करता करता एक पिढी म्हातारी झाली.

स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही, पण त्याचे शेजारी जर्मनी, फ्रान्स आणि इटली आहेत. शेजार कुणाचा मिळाला, यावर बरंच अवलंबून असतं.

इंग्रजांनी लुटलं म्हणून आपण गरीब, एवढं उत्तर पुरेसं आहे का?

अर्धं उत्तर आहे, आणि ते अर्धं ठामपणे लिहा. अर्थ-इतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजाप्रमाणे १७०० च्या सुमारास जगाच्या उत्पादनात हिंदुस्थानचा वाटा जवळपास एक चतुर्थांश होता, १९५० मध्ये तो चार टक्क्यांच्या आसपास उरला. दोन गोष्टी एकदम घडल्या. युरोप यंत्रावर गेला आणि आपला विणकर मागावरून उठला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्के होती. राज्य सोडताना त्यांनी आपल्याला त्या अवस्थेत सोडलं.

पण दक्षिण कोरियाही १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता आणि त्यानंतर १९५३ पर्यंत युद्धात बेचिराख झाला. तेव्हा १९४७ नंतर आपण काय केलं आणि काय राहून गेलं, हा उरलेल्या अर्ध्या उत्तराचा भाग आहे.

मग दक्षिण कोरियानं नेमकं केलं काय?

१९६० च्या सुमारास त्याचं दरडोई उत्पन्न घानाच्या आसपास होतं. आज ते ३५ हजार डॉलरच्या आसपास आहे. माझ्या समजुतीप्रमाणे क्रम असा होता: आधी जमीन सुधारणा, म्हणजे मोठ्या जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांना. मग प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत. मग विग, कापड, चपला असा हलका माल निर्यात. मग पोलाद, जहाजं, गाड्या, इलेक्ट्रॉनिक्स. सरकार उद्योगाला स्वस्त कर्ज द्यायचं, पण निर्यातीचं लक्ष्य गाठण्याच्या बोलीवर. याची काळी बाजूही मोठी होती: लष्करी राजवट, कामगारांवर दडपण, अतिशय लांब कामाचे तास. ती झाकून कोरियाचं कौतुक करू नये.

उत्तर कोरियाचे लोक तेच, भाषा तीच, डोंगर तेच. वंशावरून विकास ठरतो म्हणणाऱ्याला नकाशावर ही सीमा दाखवावी.

शिक्षणाचा एवढा आग्रह कशासाठी? आधी कारखाने नकोत का?

कोल्हापूरकरांना तरी याचं उत्तर बाहेरून आणायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. शाहू मिल १९०६ ची. राधानगरीच्या धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. आणि १९१७ मध्ये सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. पाणी, गिरणी, बोर्डिंग आणि शाळा हे त्यांनी एकाच राज्यात, एकाच वेळी हाती घेतलं. जपाननं १८७२ पासून शाळा गावोगाव नेल्या आणि कारखान्यांना वाचता येणारे कामगार मिळाले. केरळात उद्योग थोडेच, तरी आयुर्मान आणि स्त्रीसाक्षरता देशात आघाडीवर.

ड्रॉइंग वाचता आलं की कामगार फेटलिंगवरून संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर जातो. तेच देशाचं.

पुढे गेलेला देश मागे येऊ शकतो का?

येऊ शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्जेंटिना गहू आणि मांस विकून जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला जात होता. जमीन मोजक्या घराण्यांकडे, उद्योग कच्चे, पुढे लष्करी उठाव आणि वारंवार कर्जबुडी. आज तो उच्च-मध्यम गटात आहे.

भारत उच्च उत्पन्न गटात कधी जाईल?

गणित तुम्हीच करा. आपलं दरडोई उत्पन्न सुमारे २,६५० डॉलर, रेषा जवळपास १४ हजारांवर. म्हणजे पाच पटींहून जास्त वाढ हवी. दरडोई वाढ वर्षाला ७ टक्के राहिली तर सुमारे २५ वर्षं, ५ टक्के राहिली तर सुमारे ३४. रेषाही दरम्यान सरकत राहते. २०४७ पर्यंत 'विकसित भारत' हे उद्दिष्ट याच हिशेबावर तपासून पाहा.

एकाच राज्यात एवढा फरक असतो, तर प्रदेशांची तुलना करण्यात अर्थ काय?

अर्थ आहे, कारण माणसं त्या फरकावरूनच घर सोडतात. आपल्या फौंड्रींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं काम करतात. आणि दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, रानाच्या कडेला कोपी, म्हणजे झोपडी. शिरोळच्या उसाचा पैसा गावात राहिला, कारण साखर कारखाना शेतकऱ्यांच्या सहकाराचा होता. ऊस तोडणाऱ्याच्या गावात मात्र धरण नाही, कारखाना नाही, म्हणून त्याला श्रम विकायला इतक्या लांब यावं लागतं. काँगो आणि युरोपातलं अंतर जसं मालाच्या प्रवासातून दिसतं, तसं हे अंतर माणसांच्या प्रवासातून दिसतं.

एका जानेवारीत मी वर्गातल्या मुलांना घेऊन शिरोळजवळच्या एका फडात गेले होते. कोपीसमोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. ट्रॉली भरत होती आणि ती मोळ्या मोजत होती, बोटं न वापरता. मोजून आईला ओरडून सांगितलं, कालच्यापेक्षा बावीस कमी. मी विचारलं, कितवीत आहेस? म्हणाली, तिसरीत होते. आता शाळेत कधी जाणार?

"पट्टा पडल्यावर," ती म्हणाली, आणि पुढची मोळी मोजायला वळली.